कळांचे सलाईन आणि गर्भवतीचे वजन

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणाविषयी आपल्या दैनिकात येणारी वाचकपत्रे मी नियमाने वाचते. त्यांत दोन सूर ठळकपणे उमटतात. एक सूर सगळा दोष डॉक्टरांच्या पैशाच्या हव्यासावर टाकतो आणि दुसरा 'आजकालच्या मुलींना कष्टाची सवयच राहिली नाही' असे म्हणून मोकळा होतो. पहिला आरोप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीत देशातील सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याची नोंद आहे आणि एवढ्या तफावतीचे समर्थन केवळ वैद्यकीय कारणांनी करता येणार नाही. दुसरा आरोप मात्र मला अन्यायाचा वाटतो. तो बहुधा ज्या बाईच्या वाट्याला येतो, ती वजनाने जास्त असते आणि तिला कळा आणण्यासाठी औषध दिलेले असते. अशा बाईच्या शरीरात संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, काय घडते याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही. परिचर्या अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्र हाच माझा शिकवण्याचा विषय होता, म्हणून हे पत्र.

'मराठवाड्यात लठ्ठपणा कुठून आणता, आमच्या बायकांच्या अंगात रक्त नाही' असे कोणी म्हणेल, तर रक्त नाही हे खरेच आहे. पण रक्त कमी आणि वजन जास्त या दोन्ही गोष्टी एकाच बाईत सुखाने नांदू शकतात, आणि आता त्या वरचेवर नांदताना दिसतात. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल गटात मोडतात. चौथ्या फेरीत हेच प्रमाण २०.६ टक्के होते. यातली मोजणीही समजून घेण्यासारखी आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो ३० किंवा अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला स्थूलता म्हणते. भारतीयांच्या बांध्यात मेदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे आपल्याकडील तज्ज्ञांनी ही रेषा २५ वर आणली आहे. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईला ३० चा आकडा गाठायला साडेसदुसष्ट किलो वजन पुरते आणि २५ चा गाठायला सव्वाछप्पन्न. सव्वाछप्पन्न किलोच्या सुनेला आपल्याकडे कोणतीही सासू लठ्ठ म्हणणार नाही. उलट 'अंगानं भरलीय' म्हणून कौतुकच करील. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा रकाना बहुधा भरलेला असतो, पण उंचीचा कोरा राहतो, आणि पहिले वजन पुष्कळदा पाचव्या-सहाव्या महिन्यात घेतलेले असते. मग मूळ वजन किती होते आणि गरोदरपणात वाढले किती, हे सांगणार कोण?

नैसर्गिक बाळंतपणात गर्भाशयाला शांत ठेवण्याचे काम मुख्यतः प्रोजेस्टेरॉन करते. दिवस भरत आले की गर्भाशयाचा स्नायू या संप्रेरकाला पूर्वीइतकी दाद देईनासा होतो. रक्तातली त्याची पातळी मात्र वार बाहेर पडेपर्यंत फारशी घटत नाही, ही मानवी बाळंतपणाची एक खासियत आहे. त्याच सुमारास इस्ट्रोजेनचा प्रभाव वाढतो, स्नायूपेशींवर ऑक्सिटोसिन टिपून घेणाऱ्या ग्राहींची संख्या वाढते, पेशी-पेशींमध्ये संदेशाचे दुवे तयार होतात आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये पिशवीचे तोंड मऊ करू लागतात. ही सगळी तयारी झाल्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून थोडे थोडे, थांबून थांबून सुटणारे ऑक्सिटोसिन कळांना जोर देते. तयारी झालेली नसेल तर त्याच ऑक्सिटोसिनला गर्भाशय जेमतेम प्रतिसाद देते.

कळा आणायच्या म्हणजे ही तयारी बाहेरून करायची. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे जेल लावतात, मिसोप्रोस्टॉलच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या ठरावीक अंतराने देतात किंवा पिशवीच्या तोंडात फुगा असलेली नळी बसवतात आणि नंतर ऑक्सिटोसिनचे सलाईन सुरू करतात. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ती १९५३ साली प्रयोगशाळेत घडवली आणि १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे या औषधाची ओळख दुर्दैवाने गोठ्यातून झाली आहे. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून टोचल्या जाणाऱ्या सुईच्या गैरवापरामुळेच केंद्राने २०१८ मध्ये त्याचे उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करू पाहिले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो निर्णय रद्द केला. म्हणून एखादी आजी 'म्हशीचं इंजेक्शन लेकीला नको' म्हणते तेव्हा तिला हसू नये. औषध तेच आहे, फक्त ते द्यायची रीत, मात्रा आणि देखरेख वेगळी असते, हे तिला सांगावे.

आता मूळ मुद्दा. मेद हा अंगावर नुसता साठून राहिलेला ऐवज नाही. मेदपेशी स्वतः संप्रेरके स्रवतात. १९९४ साली सापडलेले लेप्टिन हे त्यांपैकी सर्वांत परिचित. भूक आवरण्याचा निरोप मेंदूला पोचवणे हे त्याचे मुख्य काम, परंतु गरोदरपणात ते वारेतूनही स्रवते आणि स्थूल स्त्रीच्या रक्तात त्याची पातळी जास्त असते. सिझेरियनच्या वेळी संमतीने घेतलेल्या गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्ट्यांवर प्रयोगशाळेत लेप्टिन सोडले असता त्यांची आकुंचने मंदावतात, असे दिसून आले आहे. कोलेस्टेरॉलचेही तसेच आहे. ऑक्सिटोसिनचे ग्राही पेशीच्या ज्या आवरणात बसलेले असतात, त्या आवरणात कोलेस्टेरॉल वाढले की आकुंचनाचा जोर कमी होतो. स्थूल स्त्रियांच्या स्नायूच्या पट्ट्या इतरांच्या तुलनेत कमी जोराने आणि कमी वेळा आकसतात, आणि आकुंचनासाठी पेशीत जे कॅल्शियम शिरावे लागते तेही कमी शिरते. शिवाय इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याने त्याची पातळी चढलेली असते आणि त्यातूनच गरोदरपणातला मधुमेह उद्भवतो. म्हणजे ज्या कारणाने कळा आणण्याची वेळ येते, तेच कारण कळांच्या आड येऊन उभे राहते. साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला किंवा दिवस वर गेलेले, या तिन्ही गोष्टी वजनदार स्त्रीत अधिक आढळतात आणि कळा आणण्याची नेहमीची कारणेही याच तीन.

प्रयोगशाळेतली पट्टी आणि खाटेवरची जिवंत बाई यांत अंतर असते, हे मान्य. पण खाटेवरचा अनुभवही याच दिशेचा आहे. जेल किंवा गोळी दिल्यापासून बाळ होईपर्यंतचा काळ स्थूल स्त्रियांत लांबतो. अतिस्थूल स्त्रियांना सामान्य वजनाच्या स्त्रियांपेक्षा जवळजवळ दुप्पट ऑक्सिटोसिन लागल्याचे २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदले आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले तरी चाऱ्या गाळाने बुजलेल्या असतील तर आमच्या टेलच्या शेतकऱ्याला जसे ते पोचत नाही आणि वरून विसर्ग वाढवला तर कालवाच फुटण्याची भीती असते, तसाच हा प्रकार आहे. यातली एक दिलासा देणारी गोष्ट अशी, की हा संथपणा मुख्यतः आरंभीच्या टप्प्यातला असतो. पिशवीचे तोंड सहा सेंटिमीटरपर्यंत उघडायला वेळ लागतो. त्यानंतरचा वेग आणि शेवटी जोर करण्याचा काळ इतर स्त्रियांच्या तुलनेत फारसा वेगळा नसतो. ज्या तासांत नातेवाइकांचा आणि कर्मचाऱ्यांचा धीर सुटतो, नेमके तेच तास तिच्या शरीराला हवे असतात.

बाळंतपणाच्या खोलीत या वेळी काय चाललेले असते ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. परिचारिका बाईच्या पोटावर तळहात ठेवून, घड्याळाकडे पाहत, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे मोजते. सडपातळ बाईच्या पोटावर कळ येताच गर्भाशय हाताखाली दगडासारखे घट्ट होते. पोटावर चरबीचा जाड थर असेल तर तीच कळ तळहाताला जेमतेम कळते आणि पट्ट्याने बांधलेल्या यंत्रालाही पुष्कळदा टिपता येत नाही. 'कळा कमी आहेत' अशी नोंद होते आणि सलाईनचे थेंब वाढवले जातात. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते, पण सलाईनमधून दिलेल्या मात्रेचा परिणाम स्थिरावायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून थेंब वाढवण्यापूर्वी निदान तीस मिनिटे थांबायचे असते. दाराबाहेरून मात्र 'सिस्टर, सलाईन जरा जोरात सोडा की, लेकरू अडकलंय' असा धोशा चालू असतो. थेंब घाईने वाढवले आणि दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा येऊ लागल्या, तर दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला मिळणारा प्राणवायू तुटतो आणि बाळाचे ठोके पडतात. मग घाईघाईने सिझेरियन होते आणि दोष पुन्हा बाईच्या वजनावर येतो. दुसऱ्या बाजूने, जास्त मात्रेत तासन्‌तास सलाईन चालले की ग्राही थकतात, औषधाला दाद देईनासे होतात आणि बाळ झाल्यावर गर्भाशय आकसत नाही. अशा बाईला रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो, तेव्हा रक्ताची सोय आधीच झालेली हवी.

याच ठिकाणी मराठवाड्याची एक खास अडचण आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ऑक्सिटोसिनची कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारची वीज भरवशाची नसते, आणि बाळंतपणाच्या खोलीतल्या ट्रेमध्ये 'लागलीच तर हाताशी असावी' म्हणून काढून ठेवलेल्या कुप्या सलग काही दिवस तशाच पडून राहतात. उष्णतेने औषधाची ताकद हळूहळू उतरते. रंग बदलत नाही, वास येत नाही, त्यामुळे काही कळतही नाही. ज्या स्नायूला मुळात जास्त औषध लागते, त्याला हे उतरलेले औषध दिले तर कळा कुठून येणार? लसींच्या शीतसाखळीतच ऑक्सिटोसिन ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१९ मध्ये संयुक्तपणे सांगितले आहे. लसीची पेटी आणि बर्फाच्या थैल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेत. पेटीच्या एका कोपऱ्यात या कुप्या मावत नाहीत असे नाही. ती पेटी 'लसीकरणवाल्यांची' आणि कुप्या 'डिलिव्हरीवाल्यांच्या', एवढीच अडचण.

कळांच्या वाटेत येणारे आणखी एक संप्रेरक आहे आणि ते आपण बोलून निर्माण करतो. भीती, लाज, अपमान यांनी अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि ते गर्भाशयाच्या स्नायूला सैल करते. 'एवढं खाल्लंस तेव्हा कळलं नाही का', 'टेबल मोडशील' ही वाक्ये ऐकलेली नाहीत असे म्हणणारी परिचारिका मला भेटायची आहे. बाईसोबत तिची आई, बहीण किंवा सासू असावी, याला केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत परवानगी दिली आहे आणि सोबत असल्याने सिझेरियनची शक्यता घटते असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. तरीही आपल्याकडे सोबतिणीची जागा व्हरांड्यातल्या बाकावरच राहिली आहे.

थांबायचे किती, हा प्रश्न साहजिक आहे. दर तासाला एक सेंटिमीटर हा जुना दंडक सर्व स्त्रियांना लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि कळांचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये म्हटले, की आई आणि बाळ ठीक असतील तर पाणमोट फुटल्यानंतर निदान बारा ते अठरा तास ऑक्सिटोसिन दिल्याखेरीज 'कळा आणण्याचा प्रयत्न फसला' असे म्हणू नये. यातली 'आई आणि बाळ ठीक असतील तर' ही अट मी पुन्हा अधोरेखित करते. बाळाचे ठोके बिघडले, आईला ताप चढला, आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर ताण आला, तर तासांचा हिशेब संपला. आणि वजनदार बाईचे सिझेरियन मध्यरात्री घाईत करणे सर्वांत अवघड असते, कारण भूल देणे कठीण, जखम चिघळण्याची आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता जास्त. म्हणून अशा गर्भवतीचे बाळंतपण कुठे करायचे हे नवव्या महिन्याआधी ठरले पाहिजे. अंबाजोगाई, नांदेड किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती स्वतःच्या पायांनी, दिवसाउजेडी पोचणे वेगळे आणि बारा तास तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर राहून रात्री १०८ च्या गाडीत पोचणे वेगळे.

खाण्यापिण्याविषयी थोडेच लिहिते, कारण त्यावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. गरोदरपणात वजन उतरवण्याच्या फंदात कोणी पडू नये. पण आधीच स्थूल असलेल्या स्त्रीचे वजन नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढले तरी बाळाला पुरते, ही २००९ पासून रुळलेली शिफारस आमच्या घरांत कोणाला ठाऊक नाही. 'दोघांचं खा' म्हणून दिलेला शिरा आणि बाळंतपणानंतरचे तुपातले डिंकाचे लाडू हे प्रेमाचेच असतात. मात्र दुसऱ्या खेपेला तीच बाई दहा किलो अधिक घेऊन येते. ज्वारीची भाकरी, वरण आणि पालेभाजी हे आमचे रोजचे ताट याबाबतीत पुष्कळ शहाणे होते, असे माझे मत आहे.

बाळ झाल्यावरही संप्रेरकांचा हा तिढा सुटत नाही. वार पडताच प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिनला दूध आणायला वाट मिळते. स्थूल मातांमध्ये बाळ चोखत असताना वाढणारे प्रोलॅक्टिन पहिल्या आठवड्यात कमी वाढते, असे दिसले आहे आणि दूध भरून यायला त्यांना तीन दिवसांहून अधिक वेळ लागू शकतो. कळा आणून, लांबलेले बाळंतपण किंवा सिझेरियन होऊन थकलेल्या अशा आईला दुसऱ्याच दिवशी 'हिला दूधच नाही' असे सांगून पावडरीचा डबा आणला जातो. बाळाला पहिल्या तासात छातीशी घेणे आणि नंतर वरचेवर पाजत राहणे, हाच तिथला उपाय आहे. बाळाचे वजन आणि लघवी यांवर लक्ष ठेवून चार दिवस धीर धरला, तर बहुतेकींचे दूध येते.

आपल्या दैनिकामार्फत माझी आरोग्य खात्याला एक विनंती आहे. बाळंतपणाच्या नोंदवहीत आज 'कळा आणल्या, प्रगती नाही, सिझेरियन' एवढाच शेरा असतो. त्या ओळीत गर्भवतीची उंची, पहिल्या तिमाहीतले वजन, जेल किंवा गोळीची वेळ, ऑक्सिटोसिन किती तास आणि कोणत्या मात्रेपर्यंत चालले, आणि कुपी थंड पेटीतून काढली होती की ट्रेमधून, एवढे लिहिणे सक्तीचे करावे. आठही जिल्ह्यांतून वर्षभर अशी नोंद झाली, तर किती सिझेरियन शरीराच्या संथपणामुळे झाली, किती घाईमुळे आणि किती उतरलेल्या औषधामुळे, हे आपल्या पत्रलेखकांना अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, परभणी